गॅरंटी, वॉरंटी आणि वॉरंट

सोयाबीन सोंगून घरात आलं असेल, तूर अजून वावरात उभी आहे, आणि दिवाळीच्या आधी कर्जाच्या फायली भरायची घाई सगळ्याच गटांत चालू आहे. म्हणून आज मी बियाण्याविषयी बोलणार नाही, हिशोबाच्या वहीविषयीही नाही. तीन शब्दांविषयी बोलणार आहे. गॅरंटी, वॉरंटी आणि वॉरंट. तिन्ही इंग्रजी, ऐकायला सारखे, आणि आपल्या रोजच्या तोंडातले.

हे बोलायचं कारण म्हणजे एका गटाची बैठक. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. बचत जमा झाली, इतिवृत्त लिहून झालं, बाया उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात एका ताईने पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. इंग्रजी नोटीस होती. एका खासगी फायनान्सवाल्याची. दोन वर्षांपूर्वी तिच्या चुलत दिराने मालवाहू गाडी घेतली होती. तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, इथं सही करा, फक्त गॅरंटी आहे." तिने सही केली. दीर सहा-सात हप्ते भरून परगावी कामाला गेला, फोन लागेनासा झाला, आणि आता नोटीस हिच्या नावाने आली.

मी विचारलं, "ताई, सही करताना तुम्हाला काय वाटलं होतं?"

ती म्हणाली, "मले वाटलं, गॅरंटी म्हन्जे आपल्या मिक्सरची राह्यते तशी. गाडी बिघडली तं कंपनी पाहीन."

कोणी हसलं नाही. खरं सांगते, त्या खोलीतल्या निम्म्या बायांना तेच वाटत होतं. कोपऱ्यातल्या एका काकूंना वेगळीच काळजी लागली होती. त्या म्हणाल्या, "वं बाई, तो वसुलीवाला तं म्हने, आता वॉरंट निघन. तुह्या मिक्सरच्या डब्यातबी वॉरंटीचं कार्ड होतं ना? मंग थे पोलीसवालं वॉरंट आन् हे वॉरंटी एकच हाये काय?"

आता मी बी.ए. झालेली. इतिहास होता माझा, इंग्रजीचा पेपरही दिलेला. पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. "शोधून सांगते" म्हटलं. शोधलं तर कळलं की काकूंनी जो प्रश्न भोळेपणाने विचारला, त्याचं उत्तर "हो" आहे. तिन्ही शब्द एकाच आईची लेकरं आहेत. त्यांची ताटातूट कशी झाली, ते ऐकण्यासारखं आहे.

सुरुवात मात्र आपल्याच गावापासून करू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपण म्हणतो वाशिम. इंग्रजांच्या जुन्या दप्तरात आपल्या गावाचं नाव काय आहे माहीत आहे? बासिम. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, पुढे बासिम हा एक जिल्हाच होता, १९०५ साली त्याचा मोठा भाग अकोल्यात मिसळला, आणि १ जुलै १९९८ ला आपला वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. गाव तेच. एकाच्या तोंडात व, दुसऱ्याच्या तोंडात ब. आपण वन म्हणतो, हिंदीवाले बन म्हणतात, तसंच. एकच नाव दोन तोंडांतून गेलं की दोन होतात. एवढं लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर लांब चला, फ्रान्स देशात.

दीड हजार वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीच्या बाजूने फ्रँक नावाचे लोक तिथे आले. फ्रान्स हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्यांच्या बोलीत एक शब्द होता, 'वारंद'च्या जवळचा. अर्थ असा, की पाठीशी उभा राहणारा, राखण करणारा. तिथले मूळचे लोक लॅटिनमधून निघालेली भाषा बोलत. सुरुवातीचा तो 'व' त्यांच्या जिभेला वळेना. ते त्याच्या आधी 'ग' लावू लागले, आणि वारंदचं झालं गारांत. पॅरिसकडे सगळे 'ग' म्हणू लागले. पण त्याच देशाच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या नॉर्मंडी भागात, 'व' तसाच राहिला. आपल्या वाशिम-बासिमसारखंच हे झालं.

पुढे १०६६ साली या नॉर्मंडीचा सरदार विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडवर चालून गेला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि तिथला राजा झाला. त्याच्याबरोबर त्याचे सरदार गेले, कारकून गेले, आणि त्यांची बोलीही गेली. पुढची तीनशे वर्षं इंग्लंडच्या कोर्टकचेरीत त्यांचीच भाषा चालली. तिथले शेतकरी इंग्रजी बोलत आणि त्यांच्यावरचे खटले फ्रेंचमध्ये चालत. (आपल्याकडे फारसी होती, मग इंग्रजी आली. सामान्य माणसाला न कळणाऱ्या भाषेत कागद लिहायची खोड जगात सगळीकडे दिसते.) या नॉर्मंडीच्या बोलीतून इंग्रजीत 'व'वाले शब्द आले. वॉरंट आणि वॉरंटी हे त्यातलेच. पुढे पॅरिसच्या फ्रेंचचा दिमाख वाढला, तेव्हा तेच शब्द 'ग' लावून पुन्हा एकदा इंग्रजीत शिरले. गॅरंटी हा शब्द असा मागाहून, सतराव्या शतकात आला. घरात आधी थोरली बहीण नांदायला यावी आणि मग धाकटी दुसऱ्या नावाने त्याच घरात यावी, तसं झालं. इंग्रजांनी दोघींना ठेवून घेतलं आणि कामं वाटून दिली.

एकदा ही खूण कळली की आणखी बहिणी सापडतात. ग्रामपंचायतीचा वॉर्ड आणि बँकेच्या दारावरचा गार्ड हे एकच. मूळ अर्थ राखण. वसतिगृहाची वॉर्डन आणि शाळेच्या फॉर्मवर सही करणारा गार्डियन, तेही एकच. पण मला सगळ्यात मोठी गंमत वाटली ती पुढच्या जोडीची. इंग्रजीत मजुरीला वेज म्हणतात, रोजगार हमीच्या कागदावर आपण तो शब्द पाहतो. त्याचा मूळ अर्थ 'शब्द देताना ठेवलेली वस्तू', म्हणजे गहाण किंवा बयाणा. नॉर्मंडीत तो वेज, पॅरिसकडे तोच गेज. त्या गेजपासून झाली एंगेजमेंट, आपला साखरपुडा. लग्नपत्रिकेवर छापतात ते वेडिंगही याच घराण्यातलं. आणि त्या गेजपासूनच झालं मॉर्गेज, म्हणजे घर किंवा शेत गहाण टाकणं. यातला 'मॉर' म्हणजे मेलेला, आपल्या संस्कृतातल्या 'मृत'चा दूरचा भाऊ. मेलेलं गहाण असं का म्हटलं? सतराव्या शतकात एडवर्ड कोक नावाचा इंग्लंडचा मोठा कायदेपंडित होता, त्याने याचा खुलासा केला आहे. पैसे फेडले नाहीत तर शेत कर्जदाराला मेलं, आणि फेडले तर ते गहाण सावकाराला मेलं. कोणाला तरी मरायचंच आहे. मजुरी, साखरपुडा आणि शेत गहाण टाकणं, तीनही गोष्टींत मूळ एकच की शब्द दिला आहे आणि मागे काहीतरी ठेवलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तिन्ही शब्दांच्या पोटात 'राखण करणारा' आहे, तर मग फरक कशात? फरक एवढाच, की राखण कोण करणार आणि कोणाची.

वॉरंटीत विकणारा तुमची राखण करतो. वस्तू अमुक दिवस नीट चालेल, नाहीतर मी पाहून घेईन, असा शब्द तो तुम्हाला देतो. दुकानात आपल्याला सांगतात की गॅरंटी म्हणजे बदलून मिळतं आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळतं. ते दुकानातलं बोलणं झालं, कार्डावर काय छापलंय ते खरं. वॉरंटमध्ये कागद पोलिसाची राखण करतो. कायद्याचा आधार नसताना कोणाला घरातून उचलून नेणं हा गुन्हाच. कोर्टाचा कागद हातात आहे म्हणून पोलिसाला तो अधिकार मिळतो. म्हणून तो कागद कोर्टच काढतं. कर्जवसुलीला आलेला माणूस वॉरंट काढू शकत नाही, त्याच्या कंपनीचा साहेबही नाही. हप्ता थकणं हा स्वतःहून गुन्हा नाही, दिलेला चेक न वटणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, त्यात कोर्टाची तारीख लागते आणि ती चुकवू नये. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

आणि कर्जाच्या कागदावरची गॅरंटी? तिथे राखण करणाऱ्या तुम्ही असता. कंपनी तुमचं पाहणार नाही, कंपनीचं तुम्ही पाहायचं. मिक्सरच्या डब्यात जो शब्द तुमच्या बाजूने उभा होता, तोच कर्जाच्या कागदावर समोर जाऊन उभा राहतो. आपल्या ताईची चूक अक्षराची नव्हती, शब्द तिने बरोबर ओळखला होता. तो कोणत्या बाजूला उभा आहे, हे तिला कोणी सांगितलं नाही.

हे कायद्यात फार जुनं आहे. आपल्या देशात करारांचा कायदा १८७२ सालचा आहे, आजही तोच चालतो. त्याच्या १२६ व्या कलमात हमीचा करार म्हणजे काय ते सांगितलंय, की दुसऱ्याने पैसे दिले नाहीत तर मी देईन असा शब्द. तो शब्द तोंडी असला तरी चालतो, असंही तिथे आहे. चार लोकांसमोर "मी आहे ना" म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा. आणि १२८ व्या कलमात म्हटलंय की करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. अर्धी नाही, नंतरची नाही, तेवढीच. कर्ज देणाऱ्याने आधी त्याच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधनही सहसा नसतं.

आपल्या मराठीत यासाठी शब्द नाहीत का? आहेत, आणि तेही असेच फिरत आलेले. हमी घ्या. अरबीत हामी म्हणजे रक्षण करणारा, पाठीराखा. म्हणजे जे फ्रँक लोकांना सुचलं तेच अरबांनाही सुचलं. रोजगार हमी म्हणतो तेव्हा सरकार राखण करणार, आपण राखले जाणार. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ही योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, २००५ साली देशाचा झाला. तिथे हमी आपल्या बाजूला आहे. हमीभावात पण आपल्या बाजूला. आणि "मी हमी देतो" असं लिहून सही केली की लगेच आपण पलीकडे. मराठी शब्द आला म्हणून धोका टळत नाही, एवढं मात्र खरं.

जामीन हा शब्दही अरबी, शब्दाला बांधलेला माणूस असा त्याचा अर्थ. आणि जमीन फारसी, म्हणजे भुई. दिसायला जुळ्या बहिणी, पण नातं काडीचंही नाही. नातं जे जुळलं ते आपल्या गावांत, जामीन राहिला आणि जमीन गेली असं. माझ्या आजोबांच्या पिढीत हे प्रत्येक घरी एकदा तरी बोललं गेलंय.

अशी फसवी जोडी इंग्रजीतही असते. कारंज्याला कापूस जिनिंगमध्ये नेतो ती जीन, आणि पोरं घालतात ती जीन. पहिली जीन म्हणजे इंजिन या शब्दाचं तोडून केलेलं नाव, सरकी काढायचं यंत्र. दुसरी आली इटलीतल्या जिनोआ बंदरावरून, तिथल्या जाड कापडामुळे. दोन्हीत कापूस आहे, बाकी काही नाही. म्हणून नुसत्या आवाजावरून नातं जोडू नये. उलट काही शब्द दिसायला अगदी परके आणि निघतात सख्खे. बँकेच्या कागदावर भांडवलाला कॅपिटल म्हणतात आणि गुरांना इंग्रजीत कॅटल. दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे, ज्याच्या मुळाशी 'डोकं' आहे. ज्या काळी मालमत्ता म्हणजे गुरंच होती, तेव्हाचा हा शब्द. आपण पशुधन म्हणतो ते काही उगाच नाही. आता एखादा अधिकारी तुम्हाला विचारेल की गटाचं भांडवल किती, तर शेळ्या मोजून सांगायला लाजू नका.

बाँड हा शब्द मात्र आपल्या घरातला आहे. शंभराचा बाँड, आता पाचशेचा झालेला. तो, जखमेवरचं बँडेज, आणि आपलं बांधणं, बंधन हे सगळे एकाच जुन्या मुळाचे. बाँड म्हणजे बांधलेला. या बांधलेल्या कागदांवरून आपल्या महाराष्ट्रात एक मोठं प्रकरण झालं होतं. आपल्या वऱ्हाडात नाही, पुणे आणि नगर जिल्ह्यांत. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. कर्जाने पिचलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी काय मागितलं? पैसे नाही, दागिने नाहीत. कर्जाची खतं मागितली, आणि मिळाली तिथे ती जाळली. पुढे गावोगाव हेच झालं. कागद आपला, अंगठा आपला, आणि त्यात काय लिहिलंय ते मात्र सावकाराला ठाऊक, ही त्यांची मुख्य तक्रार होती. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात शेतकऱ्याचे कर्जाचे कागद गावच्या नोंदणी करणाऱ्या माणसासमोर लिहिले जावेत, अशी सोय होती. कागद जाळणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं, हे मला कौतुकाचं वाटतं.

आणि त्याहून जुनं उदाहरण तर आपल्या वाशिममध्येच सापडलं आहे. १९३९ साली वाशिमला ताम्रपट मिळाले, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे. चौथ्या शतकातले, साधारण सोळाशे वर्षांचे. तेव्हा आपल्या गावाचं नाव वत्सगुल्म होतं आणि ते राजधानीचं ठिकाण होतं. त्या पटांवर राजाने गाव दान दिल्याचा करार आहे. सुरुवातीला घराण्याची थोरवी आहे, ती संस्कृतात. आणि पुढे दानाचा व्यवहार येतो, कोणाला काय दिलं, कोणत्या सवलती, ते मुख्यतः प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत. मोठेपणा पंडितांच्या भाषेत आणि अटी लोकांच्या भाषेत. आजच्या कर्जाच्या कागदांवर याच्या उलट असतं, वर मराठीत मोठं हार्दिक स्वागत आणि खाली बारीक इंग्रजीत अटी.

पण मैत्रिणींनो, मागण्याचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन किरकोळ कर्जांना आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना एक मुख्य माहिती पत्रक द्यावं लागतं. त्यात व्याज, बाकीचे सगळे आकार आणि मिळून वर्षाला खरोखर किती टक्के पडतं, हे लिहिलेलं असतं. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, आणि समजावून सांगायला हवं. ते कर्ज घेणाऱ्याला मिळतं. तुम्ही जामीन राहत असाल तर ज्याच्यासाठी राहता त्याला म्हणा, आधी ते पत्रक माझ्या हातात दे, मग पेन दे. आणि सहीच्या रेघेखाली काय छापलंय ते पाहा. साक्षीदार, सहकर्जदार, जामीनदार, या तीन रेघा कागदावर शेजारी शेजारी असतात. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहिली. सहकर्जदार म्हणजे कर्ज तुमचंही. आणि जामीनदाराचं तर आत्ताच सांगितलं. इंग्रजीत असेल तर अक्षरं लावत बसू नका, सरळ विचारा, "मी यात पाहणारी की भरणारी?" एवढ्या एका प्रश्नाने समोरच्याचा चेहरा बदलतो, मी स्वतः पाहिलं आहे.

त्या ताईचं पुढे काय झालं, ते अनेकींनी मला फोन करून विचारलं. सही तिची होती, ती नाकारता येत नव्हती. आम्ही तालुक्याच्या ठिकाणी मोफत कायदेशीर सल्ला मिळतो तिथे गेलो. तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं की भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती तिच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा, कारण जामीनदाराने जे भरलं ते मूळ कर्जदाराकडून मागायचा तिला कायद्याने हक्क आहे. दिराच्या घरी आम्ही पाच बाया मिळून गेलो. त्याची आई रडली. तिला तरी काय ठाऊक होतं? दोन हप्ते त्यांनी दिले, बाकी ताई भरते आहे. मधल्या काळात तिचं सिबिल बिघडलं, आणि गटातून शेळ्यांसाठी बँकेत गेलेल्या फायलीतून तिचं नाव मागे पडलं. याचा तिला नोटिशीपेक्षा जास्त राग आला.

त्या गटाने आता इतिवृत्ताच्या वहीची मागची पानं शब्दांसाठी ठेवली आहेत. बैठकीत कोणी परका शब्द आणला की तो तिथे लिहायचा, आणि पुढे तो आपल्या बाजूचा की पलीकडचा, ते लिहायचं. पहिला शब्द ताईने स्वतः लिहिला. मागच्या बैठकीत काकूंनी पासबुक उघडून विचारलं, की त्यात हे प्रिन्सिपल काय करून राहिलेत, ते तर शाळेत असतात ना? तर प्रिन्सिपल म्हणजे पहिला, मुख्य. शाळेत मुख्य गुरुजी, कर्जात मुद्दल. तोही शब्द वहीत गेला.

ताईचे अजून नऊ हप्ते बाकी आहेत. शेळ्या घ्यायचं तिने पुढच्या पोळ्यावर ढकललंय.